पिकअपचे पुढचे शॉकअप घरी बदलताना

मालवाहू पिकअपच्या पुढच्या बाजूची रचना सगळ्या गाड्यांत सारखी नसते, आणि शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला सरसकट शॉकअप म्हणतात तो भाग, घरी बदलावा की नाही हे या रचनेवरच ठरते. महिंद्राच्या बोलेरो पिकअपला किंवा टाटा एसच्या मूळ मॉडेलला पुढे अखंड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा लोखंडी कणा) आणि त्यावर पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पानांच्या (पट्ट्यांच्या) स्प्रिंगा, असतात. गाडीचे वजन पाटे पेलतात आणि शॉकअप त्यांच्या शेजारी वेगळा बसवलेला असतो. याउलट इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स किंवा मारुती सुपर कॅरी या गाड्यांत शॉकअपभोवतीच कॉइल स्प्रिंग दाबून बसवलेली असते, आणि ती उलगडायला स्प्रिंग दाबून धरणारे खास साधन लागते. हे साधन निसटले तर स्प्रिंग माणसाचा जीव घेऊ शकते. म्हणून पुढे दिलेली सगळी माहिती पाट्यांच्या गाड्यांसाठीच आहे. ज्यांच्या गाडीला कॉइल स्प्रिंग आहे त्यांनी तपासणीचा भाग वाचावा आणि प्रत्यक्ष काम गॅरेजवर सोपवावे.

दोष खरोखर शॉकअपचाच आहे का

या कामात सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते चुकीच्या निदानामुळे. गाडी पुढून खाली बसली किंवा एका अंगाला कलली की शॉकअप गेले असे मानून नवे बसवणारे अनेक जण असतात, आणि नवे बसवूनही गाडी तशीच कललेली राहते. शॉकअप वजन पेलत नाही. पाट्यांना दणका बसला की ते दाबले जाऊन उसळतात, आणि ही उसळी एक-दोन झोक्यांत शमवणे एवढेच शॉकअपचे काम असते. त्याच्या आत दट्ट्या तेलातून वर-खाली सरकतो, तेलाला दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून जावे लागते, आणि उसळीची ताकद तेल तापवण्यात खर्च होते. गाडी बसली असेल तर पाट्यांचे तुटलेले पान, सैल झालेले यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळून धरणारे), तुटलेला सेंटर बोल्ट (पाने एकत्र धरणारा) किंवा झिजलेले शॅकल बुश (पाट्याचे टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीतील अस्तर) शोधावेत.

बोनेटवर जोर देऊन गाडी हलवून पाहण्याची पद्धत कारसाठी ठीक आहे. पिकअपवर तिचा फारसा उपयोग होत नाही. पाटे मुळातच ताठ असतात आणि पानापानांतील घर्षणानेही झोका मरतो, त्यामुळे शॉकअप पूर्ण निकामी असला तरी उभी गाडी ठीक वाटू शकते. त्याहून भरवशाच्या खुणा वेगळ्या आहेत. शॉकअपच्या नळीवर धूळ चिकटलेला पातळ ओलसर थर असणे हे चिंतेचे कारण नाही, पण वरच्या सीलपासून खालपर्यंत तेलाचा ओघळ आला असेल आणि पुसल्यावर काही दिवसांत पुन्हा येत असेल तर तो शॉकअप संपला. टायरवर तळहात फिरवावा. ठरावीक अंतरावर खोलगट आणि उंचवटे असे लाटांसारखे झिजणे हाताला लागले, तर चाक रस्त्यावर टेकून न राहता आपटत चालले आहे असा त्याचा अर्थ होतो. अर्थात चाकाचे बेअरिंग आणि किंगपिन (ज्या पिनवर चाक वळते ती) सैल असले तरीही टायर असाच खातो, म्हणून चाक उचलून, वर आणि खाली धरून, हलवून पाहिल्याशिवाय सगळा दोष शॉकअपवर टाकू नये.

जुन्या मिस्त्रींची एक चाचणी मला सर्वांत आवडते, कारण तिला कोणतेही हत्यार लागत नाही. खडबडीत रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून थांबवावी आणि दोन्ही पुढच्या शॉकअपच्या नळीला हाताची मागची बाजू सावधपणे लावून पाहावी. काम करणारा शॉकअप स्पष्टपणे कोमट किंवा गरम झालेला असतो. एक गरम आणि दुसरा गार असेल, तर गार असलेला नुसताच लोंबकळतो आहे. दोन्ही गार असतील तर दोन्ही गेले. हात लावताना ब्रेकचा ड्रम किंवा डिस्क जवळच तापलेली असते, हे मात्र विसरू नये.

खडखड असा आवाज येत असेल तर पुष्कळदा शॉकअप चांगला असतो आणि फक्त त्याच्या डोळ्यातील (टोकाच्या गोल कड्यातील) रबरी बुश खाल्लेले असते. काही गाड्यांसाठी बुश वेगळे मिळते. ते मिळत असेल आणि तेल गळत नसेल तर आधी तेवढेच बदलून पाहणे शहाणपणाचे आहे.

नवे शॉकअप घेताना

शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत. डावा नवा आणि उजवा जुना असे ठेवले तर ब्रेक मारताना आणि वळणावर गाडीची दोन अंगे वेगवेगळी वागतात. मागचे त्याच वेळी बदलणे आवश्यक नाही. अनेक उत्पादक ८० हजार किलोमीटरच्या आसपास शॉकअपची तपासणी करून घ्यायला सांगतात, पण तो आकडा डांबरी रस्त्यांवरचा आहे. शेतातून बाजार समितीपर्यंत खडीच्या रस्त्याने माल नेणाऱ्या गाडीने तेवढी वाट पाहू नये.

दुकानात जाताना गाडीचे मॉडेल, साल आणि चेसिस क्रमांक सोबत न्यावा. एकाच नावाच्या पिकअपचे कमी-अधिक भारक्षमतेचे प्रकार असतात आणि त्यांचे शॉकअप वरून सारखे दिसले तरी लांबीत फरक असू शकतो. पूर्ण ताणलेली लांबी, पूर्ण दाबलेली लांबी, आणि वर-खाली डोळा आहे की आटे असलेला दांडा, या तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. कंपनीचा मूळ भाग घेणे सर्वांत सोपे. बाहेरचा घ्यायचा असेल तर १९६१ मध्ये स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियासारख्या जुन्या उत्पादकांचे शॉकअप तालुक्याच्या ठिकाणीही मिळतात. मात्र ज्या नावाला खप असतो त्याचीच नक्कलही निघते, म्हणून सीलबंद खोके, छापील किंमत, भाग क्रमांक आणि पक्के बिल यांवर तडजोड करू नये.

इथे आपल्याकडच्या एका सवयीबद्दल सांगणे भाग आहे. जास्त माल घालता यावा म्हणून पाट्यांत एखादे जादा पान टाकून घेणे सर्रास चालते. त्यामुळे रिकामी गाडी उंच उभी राहते, आणि मूळ लांबीचा शॉकअप जवळपास पूर्ण ताणलेल्या अवस्थेत राहतो. रिकाम्या फेरीत खड्डा आला की चाक खाली जाते, शॉकअपला पुढे जागाच नसते, आणि दट्ट्या आतल्या टोकावर आपटत राहतो. अशा गाडीत शॉकअप वर्षभरात गेला तर दोष कंपनीचा नसतो. जादा पान काढून टाकावे हे माझे मत; तसे करायचे नसेल तर निदान नव्या शॉकअपचा खर्च पुन्हा लवकर येईल हे धरून चालावे.

हत्यारे आणि पूर्वतयारी

रिंग पाने आणि गोट्यांचा (सॉकेटचा) संच, व्हील पाना, तारेचा ब्रश, मध्यम वजनाचा हातोडा, टॉमी (उचकटण्यासाठीची लोखंडी सळई), गंज सोडवणारे तेल, ग्रिप प्लायर, हायड्रॉलिक जॅक आणि किमान दोन-दोन टनांचे दोन लोखंडी स्टँड एवढे असले की काम होते. शॉकअपचे नट बहुतेक गाड्यांवर १७ किंवा १९ मिलिमीटरचे असतात, पण आधी आपल्या गाडीवर पाना लावून ताडून पाहावे. टॉर्क रेंच (ठरावीक मोजलेल्या जोराने नट आवळणारा पाना) असेल तर उत्तमच. दोन्ही बाजूंचे नवे नट, वायसर (वॉशर) आणि बुश शॉकअपबरोबर खोक्यात आले आहेत का हे दुकानातच पाहून घ्यावे. आले नसतील तर तेथेच विकत घ्यावेत, कारण जुना नायलॉनचा नट एकदा काढला की पुन्हा तितका घट्ट धरत नाही.

आदल्या संध्याकाळी चारही जोडांवरचा चिखल खरवडून, आटे तारेच्या ब्रशने साफ करून, त्यांवर गंज सोडवणारे तेल फवारून ठेवावे आणि सकाळी पुन्हा एकदा फवारावे. उसाच्या आणि भाताच्या पट्ट्यांतील गाड्यांचे, तसेच कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेतील गाड्यांचे नट या रात्रभराच्या भिजण्याशिवाय सुटतील अशी आशा ठेवू नये. तेल फवारताना ते ब्रेकच्या ड्रमवर किंवा डिस्कवर उडू नये म्हणून मध्ये जाड कापड धरावे.

गाडी उचलायची की नाही

माल पूर्ण उतरवून गाडी सपाट, कठीण जागेवर उभी करावी, हँडब्रेक ओढावा, पहिला गिअर टाकावा आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून व मागून लाकडी ठोकळे लावावेत. यानंतर लगेच जॅक काढू नये. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून खाली वाकून पाहावे; पिकअप उंच असल्यामुळे कित्येक गाड्यांत चाक न काढताही वरच्या आणि खालच्या दोन्ही नटांपर्यंत पाना पोहोचतो. तसे असेल तर गाडी तिच्या चार चाकांवरच राहू द्यावी. यात धोका जवळजवळ राहत नाही, आणि पुढे बुश घट्ट करताना एक मोठी सोयही होते, ती पुढे येईलच.

हात पोहोचत नसेल तर चाक काढावे लागते. गाडी जमिनीवर असतानाच व्हील नट अर्धा वळसा सैल करावेत. जॅक पुढच्या ॲक्सलखाली, पाट्यांच्या बैठकीजवळ लावावा आणि स्टँडही ॲक्सलखालीच, शक्य तितका पाट्यांजवळ ठेवावा. चेसिसखाली स्टँड लावला तर ॲक्सल खाली लोंबते, शॉकअप पूर्ण ताणला जातो आणि ब्रेकच्या रबरी पाइपवरही ओढ येते; ॲक्सलखाली लावला तर पाटे नेहमीसारखेच दाबलेले राहतात आणि शॉकअपवर ताण राहत नाही. अंगण मातीचे असेल तर जॅक आणि स्टँड या दोन्हींखाली निदान दोन इंच जाडीची रुंद फळी असावी. विटांचा थर किंवा दगडांची चळत कधीही वापरू नये, कारण वीट भाराखाली आधी कोणतीही सूचना न देता फुटते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. हायड्रॉलिक जॅकचे सील केव्हा दगा देईल ते सांगता येत नाही. स्टँड लागल्यावर गाडीला दोन्ही बाजूंनी जोराने हलवून पाहावे, ती डगमगली नाही तरच चाक काढावे, आणि काढलेले चाक चेसिसखाली आडवे सरकवून ठेवावे, म्हणजे स्टँड सरकलाच तरी गाडी चाकावर टेकेल.

जुना शॉकअप काढणे

एका वेळी एकच बाजू उघडावी. दुसरी बाजू जशीच्या तशी असली की वायसर कोणत्या क्रमाने होते, वाटी वायसरची खोलगट बाजू कुठे होती, नट आतून होता की बाहेरून, हे सगळे तिकडे पाहून ठरवता येते. मोबाइलवर फोटो काढून ठेवावेतच.

वरचा जोड दोन प्रकारचा असतो. काही गाड्यांत शॉकअपचा दांडा चेसिसच्या ब्रॅकेटमधून वर आलेला असतो आणि त्यावर रबर, वाटी वायसर आणि नट असे बसलेले असते. हा नट फिरवताना खालचा दांडाही फिरू लागतो, म्हणून दांड्याच्या टोकाला असलेले चपटे अंग लहान पान्याने किंवा ग्रिप प्लायरने धरून नट सोडवावा. दुसऱ्या प्रकारात वरही डोळाच असतो आणि तो चेसिसला जोडलेल्या पिनवर बसलेला असतो. खालचा जोड बहुतेक नेहमी डोळ्याचा असतो.

नट हलत नसेल तर लगेच लांब पाइप घालून ताकद लावू नये. थोडा घट्ट करून पाहावा, मग सैल करावा, पुन्हा तेल द्यावे, पाच मिनिटे थांबावे. पुढे-मागे, पुढे-मागे असे थोडे थोडे हलवत गेले की गंज भुगा होऊन बाहेर येतो आणि नट सुटतो. इथे घाई केली तर पिन तुटते, आणि चेसिसची पिन तुटली की अर्ध्या दिवसाचे घरचे काम वेल्डिंगच्या कामात बदलते. नट अजिबात ऐकत नसेल तर हॅक्सॉने तो पिनच्या समांतर कापून छिन्नीने फोडावा. तो नट नाहीतरी फेकायचाच आहे. गॅस कटर किंवा आगीची ज्योत मात्र इथे अजिबात नको. शॉकअपच्या आत तेल असते आणि आजच्या बऱ्याच शॉकअपमध्ये दाबाखालचा नायट्रोजनही असतो, तापवलेली बंद नळी फुटू शकते, शिवाय ब्रेकचे पाइप आणि डिझेलची नळीही फार दूर नसतात.

नट निघाल्यावरही डोळ्याचे रबर पिनला चिकटून बसलेले असते. टॉमी डोळ्यामागे घालून शॉकअप डावीकडे-उजवीकडे पिळत बाहेर ओढावा. हातोडा मारावाच लागला तर नट पिनच्या टोकापर्यंत परत चढवून मगच मारावा, नाहीतर पिनचे आटे बसतात आणि नवा नट चढत नाही.

शॉकअप बाहेर आल्यावर मोकळी झालेली जागा नीट पाहून घ्यावी, कारण एवढी स्वच्छ जागा पुन्हा लवकर मिळणार नाही. ब्रॅकेटच्या वेल्डिंगला केसासारखी चीर आहे का, पाट्यांचे एखादे पान तुटले आहे का, ॲक्सल ज्यावर आपटते ते रबर शिल्लक आहे का, यू-बोल्टचे नट घट्ट आहेत का. पिन तारेच्या ब्रशने चकचकीत करावी.

नवा शॉकअप तयार करणे

बहुतेक लोक ही पायरी गाळतात. दुकानात शॉकअप आडवे रचलेले असतात, त्यामुळे दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये आतल्या नळीत हवा शिरलेली असते. तो तसाच बसवला तर सुरुवातीला दट्ट्या मध्येच पोकळ सरकतो, टकटक आवाज येतो, आणि नवा भागच खराब निघाला म्हणून लोक दुकानदाराशी भांडायला जातात. गाडीवर ज्या स्थितीत बसतो त्याच स्थितीत, म्हणजे दांड्याची बाजू वर ठेवून, शॉकअप उभा धरावा. दांडा सावकाश पूर्ण वर ओढावा, सावकाश पूर्ण खाली दाबावा, आणि असे चार-पाच वेळा करावे. पहिल्या एक-दोन वेळा हाताला मध्येच एक मोकळी उडी जाणवते. ती नाहीशी होऊन संपूर्ण लांबीत सारखाच अवरोध लागू लागला की हवा निघाली असे समजावे. त्यानंतर बसवेपर्यंत तो उभाच ठेवावा. गॅसचा शॉकअप पट्टी बांधून दाबलेला येतो. हवा काढण्यासाठी ती पट्टी सोडावी लागली तर दांडा आपोआप वर येतो, त्यामुळे चेहरा त्याच्यावर आणू नये.

चकचकीत दांड्याला पक्कड, ग्रिप प्लायर किंवा पाना लावू नये. त्यावरचा बारीकसा ओरखडाही प्रत्येक झोक्याला सीलवरून जातो आणि काही महिन्यांत तेल गळायला लागते.

बसवणे आणि घट्ट करणे

आधी वरचा जोड बसवावा. दांड्याचा प्रकार असेल तर वाटी वायसर, रबर, ब्रॅकेट, पुन्हा रबर, पुन्हा वाटी वायसर आणि नट असा क्रम येतो, आणि दोन्ही वाट्यांची खोलगट बाजू रबराकडे असते. नट फक्त हाताने फिरेल तेवढाच चढवावा. मग खालचा डोळा पिनवर बसवावा. तो थोडा वर-खाली राहिला तर शॉकअप दाबून किंवा ॲक्सलखालचा जॅक किंचित वर-खाली करून जुळवून घ्यावा. बुश आत जात नसेल तर साबणाचे पाणी लावावे. साधे ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावले की रबर फुगते आणि मऊ पडते, म्हणून ते टाळावे.

डोळ्याचा नट शेवटचा घट्ट करण्याची वेळ महत्त्वाची आहे. डोळ्यातील रबर आतल्या धातूच्या नळीला पक्के चिकटवलेले असते, आणि नट आवळला की ती नळी जागच्या जागी धरली जाते. त्यानंतर चाक वर-खाली होताना रबर पिळ खाते. ॲक्सल लोंबत असताना नट आवळला तर रबराची सरळ स्थिती ती ठरते, आणि गाडी जमिनीवर येताच ते कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते. असे बुश काही महिन्यांतच फाटते. म्हणून गाडीचे वजन चाकांवर, किंवा निदान ॲक्सलखालच्या स्टँडवर असतानाच शेवटचा जोर द्यावा. चाक न काढता काम करणाऱ्यांना ही गोष्ट आपसूकच साधते.

किती जोर द्यावा हे गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधील टॉर्कच्या आकड्यावरून ठरवावे. अंदाजाने इथे काम करू नये. टॉर्क रेंच नसेल तर नेहमीच्या लांबीच्या रिंग पान्याने घट्ट करून, पुढच्या सर्व्हिसिंगची वाट न पाहता, जवळच्या गॅरेजमध्ये तेवढा आकडा तपासून घ्यावा. दांड्यावरच्या रबराचे गणित वेगळे असते. ते दबून वाटी वायसरच्या कडेइतके फुगले की थांबावे. वायसरच्या बाहेर लोळेपर्यंत आवळलेले रबर लवकर चिरते.

त्याच क्रमाने दुसरी बाजू करावी. चाक काढले असेल तर व्हील नट आलटून-पालटून, समोरासमोरचे असे हाताने चढवावेत, गाडी खाली घ्यावी आणि मगच पूर्ण घट्ट करावेत.

पहिली फेरी आणि नंतर

सुरुवातीला रिकाम्या गाडीने ओळखीच्या रस्त्यावर, कमी वेगाने पाच-सहा किलोमीटर जावे. गतिरोधकावरून हळू जाताना आणि जरा जोराने ब्रेक लावून पाहताना आवाज येतो का ते ऐकावे. टक असा एकेरी आवाज आला तर वायसरचा क्रम चुकला आहे किंवा वरचा नट पूर्ण बसलेला नाही. नवे शॉकअप थोडे ताठ वाटतात. जुन्यांची मऊ डुलकी अंगवळणी पडलेली असते म्हणून तसे वाटते. साधारण शंभर किलोमीटर झाल्यावर शॉकअपचे चारही जोड आणि व्हील नट पुन्हा एकदा तपासावेत.

अखंड ॲक्सलच्या गाडीत शॉकअप बदलल्याने चाकांची दिशा बदलत नाही, त्यामुळे केवळ यासाठी अलाइनमेंटचा खर्च करण्याची गरज नाही. टायर आधीच लाटांसारखे झिजलेले असतील तर मात्र त्यांचा घरघर आवाज नव्या शॉकअपनंतरही काही काळ राहतो. ते टायर मागे टाकून मागचे पुढे घ्यावेत, जर माप आणि प्लाय (टायरच्या थरांचा आकडा) सारखे असतील तर.

काढलेले जुने शॉकअप भंगारात देताना त्यांत तेल आणि कदाचित दाबाखालचा गॅस आहे, हे भंगारवाल्याला स्पष्ट सांगावे, कारण तो सवयीने गॅस कटर लावतो. गळके असतील तर जुन्या डब्यात उभे ठेवावेत, आणि गळलेले तेल विहिरीच्या किंवा गोठ्याच्या आसपास न ओतता गॅरेजच्या वापरलेल्या ऑइलच्या पिंपात टाकायला द्यावे.